बगलेची वाट

मला डोंगर आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. आयुष्याची तीसेक वर्षं बालाघाटाच्या उतारावर चढ-उतार करण्यात गेली, तरी नाही आवडत. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी म्हणते, दुरूनच बरे. नातवंडं शाळेच्या सहलीला कुठलातरी डोंगर चढून येतात आणि मला विचारतात, "दादी, तू तर सारखी चढायचीस, तुला डोंगरानं काय शिकवलं?" डोंगर काय शिकवणार, कपाळ! तो मुकाट पडलेला असतो. मला शिकवलं ते माझ्या सासूनं, फुटक्या काचेनं आणि एका नवरीच्या कडक हातानं. पण शिकले ते डोंगरावर, एवढं मात्र खरं.

माझं माहेर जळकोटकडचं. घरामागं काळं रान, नजर जाईल तिथवर ज्वारी. आमच्याकडं उंच म्हणजे कडब्याची गंज. लहानपणी एकदा भावांनी मला गंजीवर चढवलं आणि खालची शिडी काढून घेतली. मी वर बसून असा काही गळा काढला की मळ्यातून बाप पळत आला. मला उतरवून त्यानं भावांच्या पाठीत धपाटे घातले. तेव्हापासून दोन हातांपेक्षा उंच जागेवर उभी राहिले की माझ्या पोटात खड्डा पडायचा. बापाला हे ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. तरी त्यांनी माझं लग्न लावून दिलं ते थेट घाटाच्या पायथ्याला.

निजामाचं राज्य होतं, तिकडं जगाची लढाई सुरू झाली होती, आणि मी पंधरा-सोळा वर्षांची होते. सासर तुळजापूर तालुक्यातलं, घाटाखालचं गाव. आम्ही मणेर. बांगड्या विकायच्या आणि बायकांच्या हातात त्या भरायच्या, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. घरात आमची दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी. इथं मी सगळंच मराठीत सांगते, नाहीतर माझी सासू तुम्हाला आहे त्यापेक्षा जास्त कडक वाटेल. उर्दू मी शाळेत दुसरीपर्यंत शिकले होते. मराठी अक्षरं मात्र बांगड्यांनी शिकवली. सोलापूरहून माल यायचा तो जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. माल सोडला की कागद मी उशाखाली ठेवायची आणि दुपारी एकेक अक्षर जुळवत बसायची. कुठल्याच बातमीचा शेवट मला कधी वाचायला मिळाला नाही, कारण तो दुसऱ्या पेटीत असायचा.

सासरा मी बघितला नाही, तो आधीच वारला होता. घरात नवरा आणि सासू, दोघंच. नवरा सपाटीवरचे आठवडी बाजार करायचा. डोंगरावरच्या वाड्या सासूच्या. सात वाड्या होत्या, आणि त्या साती वाड्यांतल्या प्रत्येक लेकीसुनेच्या हाताचं माप अम्माच्या डोक्यात. अम्मा म्हणजे सासू. मी तिला अम्माच म्हणायची. "हिचा डावा हात उजव्यापेक्षा जाड, ही पाणी डाव्या हातानं शेंदती," असं ती घरी बसून सांगायची. लहानखुरी बाई, माझ्या खांद्याला लागायची. पण बांगड्यांच्या माळा गच्च बांधून, जुन्या लुगड्यात गुंडाळून, एक गाठोडं पुढं नि एक मागं असं खांद्यावर टाकून ती डोंगराला लागली की गडी माणसं मागं पडायची.

या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या डोंगरात असं होतं की वाडीवरच्या नवरीचा चुडा जो भरेल, वाडी त्याची. हळद लागायच्या आत हिरवा चुडा हातात पडला पाहिजे. त्या दिवशी आपला मणेर पोचला नाही, तर मांडववाले थांबत नाहीत. दुसऱ्याला बोलावतात, आणि मग वर्षानुवर्षं ती वाडी त्या दुसऱ्याची. भांडण नाही, पंचायत नाही. पायाची धाव हाच कागद. डोंगराच्या वरच्या अंगाला एक कासार होता. त्याला माथ्यावरून गाडीवाट होती. लांबची, पण सोपी, आणि त्याच्याकडं तट्टूही होतं. आमच्या साती वाड्यांवर त्याचा डोळा होता. आमच्याकडून वाट एकच, खालून वर, उभी.

त्या वाटेवर अर्ध्यात एक कडा पुढं आलेला आहे. त्याच्या कडेनं पाऊलवाट जाते, शेळी जाईल एवढी. एका अंगाला खडक, तो चालताना बगलेला घासतो, म्हणून बगलेची वाट. दुसऱ्या अंगाला काहीच नाही. म्हणजे आहे, पण ते लई खाली आहे. मोजून पन्नास पावलं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी अम्मा मला घेऊन निघाली. पायथ्यापासूनच तिचं सुरू झालं. "वर काय बघतीस? डोंगर कुठं पळून चाललाय? पायाम्होरं बघ." थोडं गेल्यावर, "बोलू नको, दम जातो." आणखी थोडं गेल्यावर मी एका दगडावर टेकले, तर, "बसायचं न्हाय! उभ्यानं थांब. बसलीस की डोंगर दुप्पट होतो." मला इतका राग आला की बगलेच्या वाटेपर्यंत मी रागातच पोचले. तिथं मात्र राग, लाज, सगळं संपलं. चार पावलं टाकली, खाली नजर गेली, आणि मी मटकन बसले. पुढं जाईना, मागं येईना. शेवटी बसल्या बसल्या, ढुंगणावर सरकत मागं आले. नेमक्या त्याच वेळी वरून मोळीवाल्या बाया उतरत होत्या. त्या खडकाला टेकून पोट धरून हसल्या. अम्मा हसली नाही. तिनं माझं गाठोडं घेतलं, आपल्या गाठोड्यावर टाकलं आणि एकटीच वर गेली. संध्याकाळपर्यंत गावात झालं, मणेराची सून बसून डोंगर चढती.

त्यानंतर मी डोंगराचं नाव काढलं नाही. नवऱ्यानं एकदा स्वतः मला तिथवर नेऊन बघितलं. गोडीगुलाबीनं, हात धरून. पुन्हा तेच. तो बिचारा तसाच हात धरून मला परत घेऊन आला. मी घरी राहायची, माल निवडायची, माळा ओवायची, गावातल्या बायकांच्या हातात बांगड्या भरायची. माझा हात मऊ होता, हे सगळी मान्य करायची. घट्टातली घट्ट बांगडी मी न दुखवता चढवायची. पण अम्मा म्हणायची, "हात असून काय करायचं? हात वाडीवर कोण नेणार?" एके दिवशी माझाही तोल गेला. मी म्हटलं, "मी माणूस हाय, मेंढी न्हाय डोंगर चढायला!" अम्मा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि तिसऱ्या दिवशी ती पडली. डोंगरावर नाही हं. डोंगरावर उभ्या जन्मात न पडलेली बाई घरच्या उंबऱ्यावर पडली. पाण्याचा हंडा घेऊन आत येत होती, पाय अडकला, घोटा मुरगळला. तासाभरात घोटा दुधीभोपळ्याएवढा झाला. हळद-चुना लावला, फडकं बांधलं. पाऊल टेकवेना.

वैशाख होता, आणि दुसऱ्या दिवशी सातांतल्या सगळ्यात मोठ्या वाडीवर लग्नाची हळद होती. नवरा सोलापूरला माल आणायला गेलेला. सोलापूर इंग्रजांकडं, आपण निजामाकडं. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथं अडकला की एक दिवसाचे तीन व्हायचे, आणि तो अडकला होता. लढाईमुळं माल येणंच आटलं होतं. नवरीपुरत्या हिरव्या बांगड्या अम्मानं दोन महिन्यांपासून जपून ठेवलेल्या, त्याही मोजक्याच. ही वाडी गेली तर तिच्याभोवतीच्या दोन लहान वाड्याही जाणार, हे उघड होतं. सपाटीच्या बाजारांवर त्या दिवसांत चूल पेटत नव्हती, वाड्यांवर पेटत होती.

अम्मा भिंतीला टेकून बसली होती. मला जा म्हणाली नाही. ती गाठोडं बांधत बसली, आणि बांधता बांधता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते. दुखतंय म्हणून रडत नव्हती ती. मला ते सहन होईना.

"द्या इकडं," मी म्हटलं, "मी जाते."

तिनं वर बघितलं. "बगलेवर काय करशील?"

"काय करायचं ते करीन. बसून जाईन."

"बसून गेलीस तर हळद लागल्यावर पोचशील," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं मला पुन्हा सगळं सांगितलं. माळ सैल करू नको. सैल काच एकमेकीवर आपटती. आणि बगलेवर ओझं दरीकडच्या खांद्यावर घ्यायचं, खडकाकडच्या न्हाय. मी हौ हौ म्हटलं. ऐकलं किती, ते माझं मला माहीत.

झुंजुमुंजू झालं तशी निघाले. एकटीच. पायथ्याचा मुरूम पायाखाली सरकत होता, वाळलेलं गवत घसरत होतं. वर बघायचं नाही, बोलायचं नाही, बसायचं नाही. तिची तिन्ही वाक्यं मी पाळली, कारण दुसरं काहीच येत नव्हतं. आणि काय सांगू, चढ सोपा झाला! सोपा म्हणजे, जमण्यासारखा. पुढचं पाऊल तेवढं आपलं, बाकी डोंगर आपला नाही, असं धरलं की दम पुरतो. मी उभ्यानंच थांबायची, दहा श्वास घ्यायची, निघायची. घामानं चोळी भिजली, पण ऊन चढायच्या आत मी बगलेच्या वाटेला लागले. मनात म्हटलंसुद्धा, बघा, मोळीवाल्यांनो.

मग खाली नजर गेली.

पोटात तोच खड्डा. आणि आता ओझं दरीकडच्या खांद्यावर घ्यायचं? मला वाटलं, सासू वेडी का खुळी! गाठोडं दरीकडं लटकलं तर ते मला ओढून घेऊन जाईल की. मी शहाणी. मी गाठोडं खडकाकडच्या खांद्यावर घेतलं, खडक आणि मी यांच्या मधे, मूल पोटाशी धरावं तसं. आणि खडकाला चिकटून सरकायला लागले.

दहा पावलं गेले असेन. कर्रर्र असा आवाज आला, आणि मागोमाग बारीक, खळ्. मणेराच्या घरात तो आवाज झोपेतून उठवतो. खडकाचा एक कंगोरा लुगड्यातून आत घुसला होता. आम्ही लोक बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही, वाढली म्हणतो. त्या दिवशी माझ्या तोंडून सरळ निघालं, "फुटल्या!"

मी हलले, तर आणखी खळ्. म्हणजे हलायचीही सोय नाही. ओझं आत घेतल्यामुळं माझं अंग बाहेर झुकलं होतं, आणि अंग बाहेर म्हणून मी आणखी खडकाला दाबत होते, आणि दाबलं की काच जात होती. तिथं मला भीतीच्या जागी राग आला. कुणाचा म्हणून सांगू? डोंगराचा, उंबऱ्याचा, करोडगिरीच्या शिपायांचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. पोटाशी धरून, जपून जपून, मीच माझ्या हातानं चुडा चिरडत होते. मी दखनीत अशा शिव्या घातल्या की कडाच लाजावा. आणि शिव्या घालता घालता गाठोडं उचललं, डोक्यावरून पलीकडं नेलं आणि दरीकडच्या खांद्यावर टाकलं.

आणि तेव्हा कळलं, म्हातारी काय म्हणत होती. ओझं बाहेर ओढतं, म्हणून अंग आपसूक आत झुकतं. पाय वाटेवर घट्ट बसतो. खडकाला हाताचा पंजा तेवढा टेकवायचा, बास. मी चालले. सरकत नाही, बसून नाही; चालले. उरलेली चाळीस पावलं मी उभ्यानं चालले, आणि पलीकडं पोचल्यावर मागं वळून त्या वाटेला म्हटलं, "झालं समाधान?" कुणी ऐकायला नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

एका सपाट दगडावर गाठोडं सोडलं आणि आनंद तिथंच संपला. बाकी माळा धड होत्या. गेली होती ती नेमकी नवरीच्या मापाची. हिरव्यागार काचेचा नुसता चुरा. नवरीच्या दोन हातांना पुरतील एवढ्या हिरव्या बांगड्या उरल्या होत्या, पण त्या एक माप लहान, वाडीवरच्या पोरीसोरींसाठी घेतलेल्या. मागं फिरून उपयोग नव्हता. घरी दुसऱ्या नव्हत्याच. मी चुरा लुगड्याच्या कोपऱ्यात बांधला आणि निघाले. उरलेला चढ कसा संपला, मला आठवत नाही.

मांडवात पोचले तर हळदीचं जातं पुजून झालेलं, बायका गोळा झालेल्या, आणि ओट्यावर कासार बसलेला! तट्टू लिंबाला बांधलेलं, पेटी शेजारी, अजून उघडली नव्हती. म्हातारी पडल्याची बातमी त्याच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. माणूस वाईट नव्हता. मला बघून त्यानं पागोटं सावरलं आणि विचारलं, "खालून आलीस? बगलेवरनं?"

"मग काय उडत?" मी म्हटलं.

नवरीची आई पुढं आली. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, आणि त्या घरात तिचा शब्द चालायचा. "म्हातारी कुठंय?" मी सांगितलं. "आन्‌ चुडा?" मी गाठोडं सोडलं. तिनं एक बांगडी उचलली, लेकीच्या हाताशी धरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ह्या लहान हायत की ग. हिचं माप ह्याच्या वरचं."

लपवून काय उपयोग? मी चुऱ्याची गाठ सोडून दाखवली. "तिच्या मापाच्या वाटंत वाढल्या. माझी चूक. पण ह्याच भरीन, आणि सगळ्या भरीन."

बायकांत कुजबुज सुरू झाली. कासार शांतपणे म्हणाला, "माझ्याकडं तिच्या मापाच्या हायत. भरू?" त्याचा हात पेटीच्या कडीवर होता. नवरीची आई एकदा पेटीकडं बघायची, एकदा माझ्याकडं. नवरीच्या हातात बांगडी मोडली तर अपशकून. तो कुठली आई ओढवून घेईल? आणि माझ्याकडं वरकड एकही नव्हती. एक मोडली की वाडी गेली.

मी म्हटलं, "मावशी, एक मोडली तर मी उठते. स्वतःहून उठते. यांनी भराव्यात, वाडी यांची."

तिनं माझ्या हातातल्या चुऱ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "बस. आमच्या सगळ्यांच्या हातात तुझ्या सासूनंच भरल्यात."

नवरी माझ्याच वयाची. शेतात राबलेला हात. तळव्याला घट्टे, अंगठ्याच्या मुळाशी जाड हाड. अंगठा आत दुमडून मी पहिली बांगडी बोटांवरून नेली. ती सांध्यांवर जाऊन अडकली. ढिम्म हलेना. मी हात चोळला, दाबला, फिरवला. बांगडी कुरकुरली. कासारानं मान पुढं काढली.

मी नवरीच्या तोंडाकडं बघितलं. दात आवळलेले, डोळे मिटलेले, मनगट दगडासारखं. आणि माझ्या लक्षात आलं, हा हात नाही. ही मीच आहे, तासाभरापूर्वीची, खडकाला चिकटलेली. बांगडी हाडावर अडत नव्हती, भ्यावर अडत होती. असल्या हाताला सैल सोड म्हणून काही होत नाही. मलाही अम्मानं सांगून काही झालं नव्हतं.

म्हणून मी तिला म्हटलं, "तुला म्हाईत हाय का, मी पहिल्यांदा बगलेवरनं कशी आले?"

तिनं एक डोळा उघडला. "कशी?"

"ढुंगणावर! सरकत सरकत, मागं मागं. आन्‌ वरनं तुमच्या वाडीच्याच बाया येत होत्या मोळ्या घेऊन."

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. मागून एकजण ओरडली, "अगं, ही ती व्हय! मी व्हते की तिथं!" आणि तिनं उभी राहून, दोन्ही हात मागं टेकून, मी कशी सरकत होते त्याची नक्कल सुरू केली. बायका लोळायच्या बाकी राहिल्या. जी गोष्ट मी वर्षभर कुणासमोर निघू दिली नव्हती, निघाली की घरात जाऊन बसायची, ती त्या दिवशी भर मांडवात मीच काढली, आणि गंमत म्हणजे, मेले नाही. नवरीनं तर डोकं मागं टाकलं आणि खो खो हसली. हसताना तिचा हात माझ्या हातात लोण्यासारखा सैल पडला. मी अंगठा दाबला, आणि बांगडी सुळ्ळकन मनगटात.

"गेली का?" ती म्हणाली. तिला कळलंसुद्धा नव्हतं.

मग काय! मी बोलत राहिले, ती हसत राहिली. कड्याला घातलेल्या शिव्या सांगितल्या (सगळ्या नाही), सासूचं वर काय बघतीस सांगितलं, आणि एकेक बांगडी आत जात राहिली. दोन्ही हात भरले. एकही वाढली नाही. कपाळावरचा घाम पुसायलाही मी हात काढला नव्हता, तो डोळ्यांत उतरून झोंबत होता.

नवरीच्या आईनं लेकीचे हात धरून हलवले. हिरवी काच किणकिणली. "दुखतंय?"

"न्हाय की."

"घट्ट तर न्हाईत ना?" मागून कुणी विचारलं, तर कासारच उठत म्हणाला, "हातच्या काकणाला आरसा कशाला? दिसतंय की." त्यानं पेटी उचलली. जाताना माझ्यापाशी थांबला. "तुझ्या सासूला सांग, मी येऊन बघून गेलो." ते ऐकून मला जो आनंद झाला, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता.

बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याच्या पाया पडायचं, मग तो कुठल्या का जातीचा असेना, ही आपल्याकडची पद्धत. नवरी वाकली. मग करवल्या, जावा, पोरीसोरी, सगळ्यांनी हात पुढं केले, आणि आणलेला माल संपेपर्यंत मी भरत होते. नवरीच्या आईनं खण-नारळ दिला आणि विचारलं, "म्हातारी आता ह्या वयात चढायची न्हाय. पुढं कोण येणार?"

याचं उत्तर मी घरून निघतानाच मनात ठरवून आले होते. एवढी एक वाडी आजच्यापुरती वाचवायची, मग कुणी येवो न येवो. पण तोंडातून निघालं, "मी."

उतरताना गुडघे बोलत होते. चढायला छाती लागते, उतरायला गुडघे. आणि उतरतानाच माणूस पडतं, कारण झालं म्हणून पाय बेपर्वा पडतो. मी पायाम्होरं बघत उतरले. बगलेच्या वाटेनं मी ओझ्याशिवाय गेले. पोटात खड्डा पडला, हो पडलाच. तो पुढं तीस वर्षं दर खेपेला पडत आला. भीती जाते, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटो. ती तिथंच राहते, आपण बाजूनं जातो.

घरी आले तर ओट्यावर नवरा. नाक्यावरून सुटून दुपारीच पोचला होता. आई अशी बसलेली, बायको डोंगरात एकटी. माणूस अर्धा झाला होता. मला धड बघून त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. अम्मा आत बाजेवर होती, दाराकडं डोळे लावून.

"वाडी?" तिनं आतूनच विचारलं.

"राहिली," मी म्हटलं. "सगळ्या भरल्या."

अम्मानं डोळे मिटून घेतले. बोलला तो नवरा, आणि प्रेमानंच बोलला. त्यानं मला त्या कड्यावर थरथरताना स्वतः बघितलं होतं. म्हणाला, "बास झालं. मी वाटंतच ठरवलंय. अम्माचा पाय गेला, आन्‌ तुला ते झेपत न्हाय. वरच्या वाड्या कासाराला देऊन टाकू. आपण सपाटीचे बाजार करू, अर्धी भाकर खाऊ. उद्या मी जाऊन त्याला सांगून येतो."

"खबरदार!" मी ओरडले. इतक्या जोरात की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "पाऊल टाकून बघा त्याच्या दाराकडं! देणारे तुम्ही कोण? माझ्या वाड्या हायत त्या!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासू आत बसलेली, तिनं उभा जन्म घातलेल्या वाड्या, आणि मी म्हटलं माझ्या. नवरा माझ्याकडं बघत राहिला, मग आईकडं. मला वाटलं, आता घरात महिनाभर कुणी कुणाशी बोलणार नाही.

"ऐकलंस का?" अम्मा आतून म्हणाली. "तिच्या हायत. उठ, पाणी दे तिला."

तो उठला आणि तांब्या भरून घेऊन आला.